पत्त्याचा रकाना

गावाचं नाव सांगणार नाही.
ऑस्ट्रेलियात आहे, समुद्र जवळ, एवढं पुरे.
शनिवार. शाळेच्या सभागृहात पुठ्ठ्याचे आडोसे,
बाहेर पालक-संघ सॉसेज भाजतोय,
परतलेल्या कांद्याचा वास
थेट माझ्या मतदारयादीपर्यंत.

हातात लाकडी पट्टी, समोर आडनावं.
सव्वीस वर्षं याच शाळेत ग्रंथपाल होते मी,
निम्म्या गावाने पुस्तकं किती उशिरा परत केली
ते अजून तोंडपाठ.
विचारायचे प्रश्न तीनच, प्रशिक्षणात घोकून घेतलेले:
पूर्ण नाव काय?
राहता कुठे?
या निवडणुकीत आधी मत दिलंय का?

अकराच्या सुमाराला ती आली.
तिला लिनेट म्हणू या. ते तिचं नाव नाही.
बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी,
पावात गुंडाळलेलं सॉसेज खाणारी, हनुवटीला सॉस.
नाव सांगितलं. पट्टी ओळ शोधत सरकली,
पण जीभ सवयीने पुढे धावली:
"राहता कुठे?"

मागे नऊ माणसं.
एकाने मोबाइलमधून मान वर काढली.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.
मुलगीच बोलली,
पाढा म्हणावा तशी, न अडखळता:
"आम्ही कुठेच राहत नाही."

तेव्हा कुठे मी खाली बघितलं.
नावापुढचा रकाना कोरा.

छापखान्याची चूक नव्हती ती.
त्या बोटभर कोऱ्या जागेसाठी
तिने अर्ज भरला होता,
साक्षीदारासमोर शपथेवर लिहून दिलं होतं
की हा पत्ता छापला तर कोण येईल,
मागच्या वेळी काय हातात घेऊन आला होता.
अशा मतदाराला इथे मूक म्हणतात.
हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे.

पुढचं मला नंतर कळलं, कसं ते विचारू नका.
त्याआधीच्या निवडणुकीला ती गेलीच नव्हती.
मत दिलं नाही तर इथे वीस डॉलर दंड.
नोटीस गेली जुन्या घरी, म्हणजे त्याच्या हाती.
त्याने ती चुंबकाने फ्रिजवर लावली
आणि गल्लीभर सांगत सुटला,
बायको बेपत्ता आहे, कुणी पाहिली का?
शेजारणीने तिला फोनवर सांगितलं, रडत.

बेपत्ता.
शब्द जरा फोडून बघा.
पत्ता नाही, एवढंच म्हणतो तो.
माणूस नाही, असं कुठे म्हणतो?

मी नावावर रेघ मारली.
आवाज पार खाली आणून म्हटलं, माफ करा,
आणि तिसरा प्रश्न विचारला.
"नाही," ती म्हणाली, "आधी दिलेलं नाही."
मागच्या नऊही जणांना ऐकू गेलं.

मग दोघी आडोशात.
सहा उमेदवार, सगळ्यांना क्रमांक द्यावेच लागतात.
मुलगी मोठ्याने मोजत होती, आई गप्प कर म्हणत होती.
एक, दोन...
चार आणि पाचमध्ये बराच वेळ गेला.
सहावर आली तशी लिनेट हसली,
कुणाला तरी सगळ्यात शेवटी ठेवायला मिळाल्यासारखी.

संध्याकाळी पेट्या उपड्या केल्या.
एक हजार तीनशे एकोणचाळीस घड्या उलगडल्या,
एकाही कागदावर ना नाव, ना गल्ली, ना घराचा नंबर.
तिचा कोणता, मी शोधलाही नाही.
पेन्सिली मोजल्या, दोन कमी.
टेबलाच्या कडेवर अर्धा पाव सापडला,
लहान दातांच्या खुणांचा.

घरी आले, पाय सुजलेले.
झोपण्याआधी प्रशिक्षणाची वही काढली,
दुसऱ्या प्रश्नाशेजारी समासात लिहिलं,
पुढच्या वेळी जी कुणी इथे बसेल तिच्यासाठी, माझ्यासाठीही:
आधी खाली बघ.
मग तोंड उघड.